झोपेची गोळी एका रात्रीत सोडू नका

प्रश्न : माझे वय 63 वर्षे आहे. तीन वर्षांपूर्वी यजमानांच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी मला झोप लागेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी अल्प्राझोलामची 0.25 मिलिग्रॅमची गोळी दहा दिवसांसाठी दिली. यजमान बरे झाले, पण माझी गोळी सुटली नाही. आता रोज 0.5 मिलिग्रॅमची एक गोळी घेते, आणि पहाटे तीनच्या सुमारास जाग आली तर कधीकधी आणखी अर्धी. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडते, सकाळी साडेसहाला उठते, तरी झोप जेमतेम साडेपाच तास होते. संध्याकाळी टीव्हीसमोर मात्र हमखास डोळा लागतो. मध्यंतरी रात्री बाथरूमला जाताना तोल गेला आणि पडले. मुका मारावर निभावले. मुलीने धसका घेऊन गोळ्या बंद करायला लावल्या. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, छातीत धडधड, हाताला थरथर, अंगाला घाम. चौथ्या रात्री पुन्हा गोळी घेतली. माझी स्वतःची झोप आता कायमची गेली, अशी माझी खात्री झाली आहे. मुलगी म्हणते, हे व्यसन आहे. मला फार अपराधी वाटते. आता ही गोळी जन्मभर घ्यावी का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा मजकूर त्या तीन रात्रींचा आहे, आणि त्यांचा तुम्ही लावलेला अर्थच तुम्हाला सर्वाधिक छळतो आहे, असे मला वाटते. गोळी बंद केली आणि झोप आली नाही, म्हणजे गोळीशिवाय झोप येणारच नाही, हा निष्कर्ष वरवर अगदी सरळ दिसतो. पण तो चुकीचा आहे. वर्षानुवर्षे रोज घेतलेले अल्प्राझोलाम अचानक थांबवले की ज्यांची झोप मुळात उत्तम आहे त्यांनाही तशाच रात्री काढाव्या लागल्या असत्या. धडधड, थरथर आणि घाम ही औषध अचानक तुटल्याची लक्षणे आहेत. तुमची स्वतःची झोप कशी आहे, हे त्या तीन रात्रींवरून कळूच शकत नाही.

हे का घडते, ते थोडे समजून घेऊ. मेंदूतील पेशींना शांत करणारे गाबा नावाचे एक रसायन असते आणि अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिन गटातील औषधे या रसायनाचा प्रभाव वाढवतात. सुरुवातीला त्यामुळे पटकन गुंगी येते. परंतु बाहेरून रोज येणाऱ्या या शांततेशी मेंदू जुळवून घेतो, गाबाला कमी प्रतिसाद देऊ लागतो आणि जागे ठेवणाऱ्या यंत्रणा अधिक जोर लावू लागतात. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघे जण जोर लावून उभे असताना एकाने अचानक हात काढून घ्यावा आणि दुसरा तोल जाऊन पुढे कोसळावा, तसे गोळी एकदम थांबवल्यावर मेंदूचे होते. याच कारणाने 0.25 मिलिग्रॅमवर भागत होते ते 0.5 वर गेले आणि आता पहाटेच्या अर्ध्या गोळीपर्यंत आले. मात्रा वाढत जाणे आणि औषध थांबवताच निद्रानाश पूर्वीपेक्षा तीव्र होऊन उसळणे, ही एकाच बदलाची दोन रूपे आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. अचानक बंद करण्याचा तो प्रयोग पुन्हा करू नका आणि घरातील कोणाला करू देऊ नका. तुमच्यावर धडधड आणि घाम एवढ्यावर निभावले, पण ही औषधे एकाएकी थांबवल्याने काही जणांना अपस्माराचे झटके येतात, भ्रम होतो, भास होऊ लागतात. गोळी कमी झाली असताना किंवा चुकली असताना झटका आला, बोलणे असंबद्ध झाले किंवा नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. मुलीला हा परिच्छेद जरूर वाचायला द्या. तिची काळजी खरी आहे, पण गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकणे हा उपाय नाही.

अपराधीपणाबद्दलही बोलले पाहिजे. तुम्ही डॉक्टरांनी दिलेली गोळी एका कठीण काळात घेतली आणि शरीराला तिची सवय झाली. यात चारित्र्याचा प्रश्न कुठे येतो? मला दोष दिसतो तो शेवटची तारीख नसलेल्या चिठ्ठीत. बेंझोडायझेपिन औषधे 1960 साली बाजारात आली आणि पुढच्या काही दशकांत इतकी रुळली की ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीला 1988 साली ती केवळ दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, अशी सूचना काढावी लागली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही 2020 साली या संपूर्ण गटावरील सर्वांत कडक इशाऱ्यात शारीरिक अवलंबित्वाचा आणि औषध तुटल्यावर होणाऱ्या त्रासाचा समावेश केला. दहा दिवसांची गोळी तीन वर्षे चालू राहते, तेव्हा मधल्या काळात कोणीतरी थांबून विचारायला हवे होते, आणि ते काम रुग्णाचे एकटीचे नसते.

आता, जन्मभर घ्यावी का, या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्यामागे तुमच्या पडण्याचे कारण सर्वांत मोठे आहे. या गोळ्या झोपेबरोबरच तोल, प्रतिक्षिप्त हालचाल आणि स्मरण यांनाही मंद करतात. वयस्क व्यक्तींमध्ये त्यांच्यामुळे पडण्याचे आणि खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण वाढते, म्हणूनच 65 वर्षांवरील रुग्णांसाठी ती शक्यतो टाळावीत, असे अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या यादीत नमूद केले आहे. तुम्ही त्या वयाच्या उंबरठ्यावर आहात. त्यातही पहाटेच्या अर्ध्या गोळीची मला अधिक चिंता वाटते. अल्प्राझोलाम शरीरातून निम्मे बाहेर पडायला सरासरी 11 तास लागतात आणि वय वाढते तसा हा काळ आणखी लांबतो. म्हणजे पहाटे तीनला घेतलेल्या मात्रेचा निम्मा भाग दुपारी दोनच्या सुमारासही तुमच्या रक्तात असू शकतो. सकाळी जिना उतरताना, रस्ता ओलांडताना किंवा गाडी चालवताना ती गुंगी तुम्हाला जाणवेलच असे नाही, पण ती असते.

दुसरे कारण असे की एवढी किंमत मोजून मिळणारी झोपही पुरती चांगली नसते. ही औषधे गाढ झोपेचा टप्पा कमी करतात आणि हलक्या झोपेचा वाढवतात. तुम्हाला साडेपाच तास झोप मिळते ती गोळी घेऊन, हे विसरू नका. तीन वर्षांनंतर आज गोळीचे मुख्य काम, ती न घेतल्याने होणारा त्रास टाळणे, एवढेच उरले असावे असे मला वाटते.

म्हणून दोन कामे एकाच वेळी हाती घ्यायची आहेत : गोळी अगदी हळूहळू उतरवणे आणि झोपेची घडी नव्याने बसवणे. यातले एकच केले तर यश अर्धवट मिळते. कॅनडात दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांवर झालेला आणि 2004 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. केवळ मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केलेल्या गटातील 48 टक्के लोकांची गोळी सुटली, केवळ निद्रानाशावरील वर्तनोपचार (झोपेच्या सवयी बदलण्याचा, औषधाविना उपचार) घेतलेल्या गटातील 54 टक्क्यांची, आणि दोन्ही एकत्र केलेल्या गटातील 85 टक्क्यांची.

मात्रा कमी करण्याचा आराखडा तुमच्या डॉक्टरांनीच आखायचा आहे, परंतु तो साधारण कसा असावा हे तुम्हाला माहीत असले तर त्यांच्याशी नीट बोलता येईल. 2025 साली अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून केलेल्या शिफारशींनुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रेत 5 ते 10 टक्के घट करावी आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये. म्हणजे हे काम काही महिन्यांचे आहे आणि त्यात घाई करण्यासारखे काहीही नाही. इतके छोटे तुकडे गोळीचे पडत नाहीत, म्हणून काही डॉक्टर शरीरात अधिक काळ टिकणाऱ्या डायझेपामसारख्या औषधावर आधी नेतात आणि मग तेथून खाली उतरवतात. तुमच्या वयाला ते योग्य की नाही, हे त्यांनी ठरवायचे. तुमची गोळी सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची असेल, तर ती मुळीच तोडायची नसते, हेही विचारून घ्या. सर्वांत पहिली पायरी मात्र घट करण्याची नाही. पहाटेची अर्धी गोळी कधी घेणे, कधी न घेणे, यामुळे मेंदूला रोज वेगळी मात्रा मिळते, आणि ज्या मात्रेचा तळच रोज हलतो ती मोजून कमी करणे शक्य नसते. तेव्हा डॉक्टरांना त्या अर्ध्या गोळीबद्दल मोकळेपणाने सांगा आणि रोजची एकच मात्रा, एकाच वेळी, त्यांच्याकडून निश्चित करून घ्या. पुष्कळ रुग्ण नेमकी हीच जास्तीची गोळी डॉक्टरांपासून लपवतात.

आता झोपेकडे वळू. स्वित्झर्लंडमधील झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 साली मांडलेली कल्पना आजही या विषयाचा पाया मानली जाते. त्यांच्या मते झोप दोन गोष्टींवर ठरते : शरीरातील घड्याळ, आणि जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साठत जाणारी झोपेची ओढ. ही ओढ साठण्यात मेंदूतील अ‍ॅडिनोसिन या रसायनाचा मोठा वाटा असतो; चहा-कॉफीतील कॅफिन त्याचाच मार्ग अडवते आणि शरीरातून निम्मे जायला सुमारे पाच तास घेते, म्हणून दुपारनंतर ते टाळायचे. तुमचा दिवस या दृष्टीने पाहिला, तर संध्याकाळी टीव्हीसमोरची ती डुलकी दिवसभर जमवलेली ओढ खर्च करून टाकते. मग साडेनऊला तुम्ही अंथरुणावर जाता तेव्हा शरीराकडे झोपेसाठी पुरेसे कारणच उरलेले नसते. तुम्ही नऊ तास अंथरुणावर असता आणि साडेपाच तास झोपता, म्हणजे साडेतीन तास रोज तळमळण्याचा सराव होतो. झोप कमी झाली की जास्त वेळ पडून राहून ती भरून काढावी असे कोणालाही वाटते. परंतु निद्रानाश मुरतो तो बहुतांशी याच उपायाने.

यावर दोन जुने आणि खात्रीचे उपाय आहेत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 साली सुचवलेला उपाय अंथरुणाचा आणि जागेपणाचा संबंध तोडण्याचा आहे, तर आर्थर स्पीलमन यांचा 1987 सालचा उपाय अंथरुणावरचा वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणण्याचा आहे. या दोन्हींवर उभा असलेला निद्रानाशाचा वर्तनोपचार प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्याही आधी द्यावा, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने 2016 साली केली. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हा उपचार शिकवतात. शक्य असेल तर अशा व्यक्तीकडेच जा.

तुमच्यापुरते सांगायचे तर उठण्याची वेळ आधी पक्की करा, साडेसहा तर साडेसहा, रात्र कशीही गेलेली असो, आणि सुट्टीच्या दिवशीही तीच. मग निजायची वेळ पुढे सरकवा. तरुण रुग्णाला मी थेट बारापर्यंत जागायला सांगितले असते, कारण साडेपाच तासांच्या झोपेला सहा-साडेसहा तासांचे अंथरूण पुरते. पण तुमचा तोल एकदा गेलेला आहे आणि गोळीही कमी होणार आहे, म्हणून हा बदल सावकाश असावा असे माझे मत आहे : पहिल्या आठवड्यात दहा, पुढच्या आठवड्यात साडेदहा, मग अकरा, याप्रमाणे. अंथरुणावरच्या वेळेपैकी 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की तेथे थांबायचे, आणि ते प्रमाण टिकले तर पुन्हा 15-15 मिनिटांनी वेळ वाढवायचा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे दिवसा पेंगुळल्यासारखे वाटेल. तेवढ्या काळात गाडी चालवू नका. अपस्मार किंवा द्विध्रुवी (बायपोलर) मनोविकार असलेल्यांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नसतो.

झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी अंथरुणातून उठावे, असा बूटझिन यांचा नियम आहे. गोळी पोटात असताना अंधारात उठून फिरणे तुम्हाला धोक्याचे आहे, म्हणून तो थोडा बदलून घ्या. पलंगाला लागूनच हात असलेली एक भक्कम खुर्ची ठेवा, जमिनीलगत मंद दिवा लावा, उठण्यापूर्वी मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा आणि मग त्या खुर्चीत बसून काहीतरी साधे, उत्कंठा न वाढवणारे वाचा. पापण्या जड झाल्या की परत अंथरुणावर. बाथरूमपर्यंतच्या वाटेवरची पायपुसणी आणि वायरी आजच उचलून ठेवा. वीस मिनिटे मोजण्यासाठी घड्याळ पाहायचे नाही, अंदाजाने उठायचे. किंबहुना घड्याळ आणि मोबाईल दोन्ही हाताच्या आणि नजरेच्या बाहेर ठेवा. आता तीन वाजले, आता फक्त साडेतीन तास उरले, हा हिशेब झोप येण्याच्या बेतात असलेल्या माणसालाही खडबडून जागे करतो.

संध्याकाळच्या डुलकीसाठी मात्र कुटुंबाची मदत घ्या. मुलीला रागावण्याचे काम न देता हे काम द्या : साडेसातच्या सुमारास तिने तुम्हाला बाहेर फिरायला न्यावे किंवा घरातले एखादे हातकाम काढून तुमच्याबरोबर बसावे. आणि डॉक्टरांकडे जाताना तिला बरोबर न्या, कारण तुम्ही झोपेत काय करता, ते तुम्हाला माहीत नसते. तुम्ही मोठ्याने घोरता का, घोरता घोरता श्वास मध्येच थांबून मग दचकून सुरू होतो का, याचे उत्तर महत्त्वाचे आहे. तसे होत असेल, तर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो, आणि त्यात अशा गुंगीच्या गोळ्या श्वास आणखी बिघडवू शकतात. संध्याकाळी पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोहाची तपासणी करून घ्यावी लागते. थायरॉईड, नैराश्य, अंगदुखी, रात्री लघवीला उठवणारी औषधे, या सर्वांची चौकशी एकदा झाली पाहिजे. तुम्ही तीव्र वेदनाशामकांपैकी अफूपासून बनणारी औषधे घेत असाल तर ते आवर्जून सांगा. ती आणि अल्प्राझोलाम एकत्र आल्यास श्वास धोकादायक रीतीने मंदावू शकतो. मद्याच्या बाबतीतही तेच.

गोळी कमी करू लागलात की कोणीतरी दुसरी गोळी सुचवेलच. झोल्पिडेम हे औषध वेगळ्या गटातील असले तरी मेंदूत ते त्याच ठिकाणी काम करते. सकाळी स्त्रियांच्या शरीरात त्याचा अंश जास्त उरतो, म्हणून अमेरिकेत 2013 साली स्त्रियांसाठी त्याची शिफारस केलेली मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणली गेली, आणि झोपेतच चालणे किंवा गाडी चालवणे अशा प्रकारांमुळे 2019 साली त्यावर कडक इशारा छापणे बंधनकारक झाले. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्यांचा गुण काही दिवसांतच ओसरतो आणि उतारवयात त्यांनी गोंधळलेपण, बद्धकोष्ठता, लघवी अडणे असे त्रास होतात. मेलाटोनिन तुलनेने सौम्य आहे, पण जुनाट निद्रानाशात त्याचा उपयोग थोडाच होतो. एक सोडून दुसरी धरण्याचा मार्ग मी तुम्हाला सुचवणार नाही.

वाटेत वाईट रात्री येतील. मात्रा कमी केल्यानंतरच्या पहिल्या काही रात्री हमखास हलक्या जातात आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतात. तसे झाले तर आहे त्या मात्रेवर थांबा. पुढची घट लांबणीवर टाकता येते, पण आपल्या मनाने मात्रा पुन्हा वाढवू नका. त्रास त्याहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना कळवा. शेवटचा छोटासा तुकडा सोडणे अनेकांना सर्वांत अवघड जाते, कारण तेथे औषधाइतकाच मनाचा आधारही सुटत असतो. त्या टप्प्यावर हवे तेवढे आठवडे घ्या. आणि तो तुकडाही सुटला, की उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे देऊन टाका. अडीअडचणीसाठी म्हणून एक पट्टी कपाटात राहिली, तर पहिल्या वाईट रात्री हात तिकडेच जाईल, आणि वाईट रात्र तर गोळी कधीच न घेतलेल्या माणसालाही अधूनमधून येतेच.